दादाची कॅप्सूल आणि बाबांचं इंजेक्शन

ताई, मी 28 वर्षांची आहे. बाबा 63 वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कॅन्सर, असल्याचं कळलं. दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन असतं, बरोबर गोळ्या. रिपोर्ट सुधारत होते. दादा नोकरीनिमित्त लांब असतो. त्याने चुंग यांग या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबद्दल वाचलं. चहातली द्रव्यं आणि कॅन्सर यांवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलंय म्हणे. तेव्हापासून तो बाबांसाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवतो. एकीत 400 मिलिग्रॅम ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातलं मुख्य द्रव्य, दिवसाला दोन. सहा आठवडे झाले. बाबांचा नेहमीचा चहाही बंद केलाय, कारण काळ्या चहात काही उरलेलं नसतं असं दादाचं म्हणणं. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगायचं नाही असं बाबांनीच बजावलंय. मी काही बोलले की दादा म्हणतो, 'तुला शास्त्र कळतं का? झाडाचंच आहे, अपाय तर नाही ना होणार!' आई दोघांच्या मध्ये अडकलीय. आमच्यात बरोबर कोण? आणि दादाशी कसं बोलू?
— धाकटी

प्रिय धाकटी,

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. कॅप्सूल आजच थांबव आणि बाबांच्या डॉक्टरांना फोन कर. ते भेटत नसतील तर त्यांच्या विभागातल्या नर्सना सांग. बाटलीवरचं नाव, एका कॅप्सूलमधलं प्रमाण, कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती आणि जेवणानंतर की रिकाम्या पोटी, एवढं कागदावर लिहून ठेव. पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. बाबांना फसवून करू नकोस, 'मी सांगणार आहे' असं त्यांना सांगून कर.

आता घाई कशासाठी ते सांगते. बाबांना नेमकं हेच इंजेक्शन नसतं तर मी इतक्या तातडीने लिहिलं नसतं.

मायलोमात अस्थिमज्जेतल्या ज्या पेशी बिघडतात, त्यांचं मूळचं काम प्रतिपिंडं बनवण्याचं. बिघडल्यावरही त्या प्रथिनं बनवतच राहतात, बेसुमार. एवढी प्रथिनं तयार होतात म्हणजे खराब झालेलीही तेवढीच साठतात. ती निपटायला पेशीत प्रोटिअसोम नावाचं एक यंत्र असतं. बोर्टेझोमिब त्या यंत्राच्या तोंडातच जाऊन बसतं. कचरा तुंबतो आणि पेशी मरते. यंत्राला धरून बसण्याचं काम या औषधाच्या रेणूतला बोरॉन करतो. तो मोकळा असला तरच औषध चालतं.

चहातल्या ईजीसीजीच्या रेणूवर शेजारी शेजारी असे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आहेत की बोरॉन त्यांना सहज चिकटतो. कॅलिफोर्नियातल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका गटाने 2009 मध्ये हे दाखवलं. गंमत पाहा, ती माणसं चहाच्या विरोधात काही सिद्ध करायला बसली नव्हती. चहाची द्रव्यं आणि बोर्टेझोमिब एकत्र दिली तर कॅन्सरवर दुप्पट मारा होईल, या आशेने त्यांनी प्रयोग लावले होते. तुझ्या दादाची जी आशा, तीच त्यांचीही. निकाल उलटा आला. डिशमधल्या मायलोमाच्या पेशी ईजीसीजी घातल्यावर औषधाला दाद देईनात. उंदरांमध्येही तेच. औषध प्रोटिअसोमपर्यंत पोचण्याआधीच ईजीसीजीने त्याला धरून ठेवलं होतं. ज्या औषधांत हा बोरॉन नाही, त्यांना असा अडथळा आला नाही.

अर्धीच गोष्ट सांगून तुला घाबरवायचं नाही. दोन वर्षांनी, 2011 मध्ये, दुसऱ्या गटाने उंदरांवर पुन्हा तपासलं. ईजीसीजीचं रक्तातलं प्रमाण 11 ते 16 मायक्रोमोलच्या (लिटरमागे द्रव्य किती ते मोजायचं हे माप) घरात असताना त्यांना औषधाच्या कामात अडथळा दिसला नाही. म्हणजे सगळा प्रश्न प्रमाणाचा. चहा पिऊन माणसाच्या रक्तात येतं ते प्रमाण याहून खूप कमी असतं. कॅप्सूलने ते वाढतं, रिकाम्या पोटी घेतली तर आणखी. म्हणून गेल्या सहा आठवड्यांतली इंजेक्शनं वाया गेली असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. बाबांच्या शरीरात काय घडलं ते उंदीर सांगणार नाहीत, बाबांचे रिपोर्ट सांगतील. डॉक्टर आधीच्या आणि आताच्या तपासण्या शेजारी ठेवून पाहतील, पण कॅप्सूल कधी सुरू झाल्या ते कळलं तरच. कॅप्सूलने बाबांचा फायदा होईल असा पुरावा नाही, आणि अडथळ्याची शक्यता मात्र खरी आहे. अशा वेळी ती पोटात जाऊ देण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

यकृताचंही आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये सगळा उपलब्ध पुरावा तपासला तेव्हा, पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण. बाबांचे दिवसाचे दोन चारशे म्हणजे बरोबर 800. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 1,075 स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात अर्ध्या जणींना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम ईजीसीजी दिलं होतं. काहींची एन्झाइम्स एवढी चढली की गोळ्या थांबवाव्या लागल्या. थांबवल्यावर ती उतरली. बाबांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. बोर्टेझोमिबची विल्हेवाटही यकृतच लावतं, आणि यकृत नीट चालत नसेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. समजा उद्या एन्झाइम्स वाढलेली आली आणि डॉक्टरांना कॅप्सूलचा पत्ताच नाही, तर ते कशावर संशय घेतील? ज्या इंजेक्शनने बाबांना बरं वाटतंय त्यावरच. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, सतत मळमळ यांतलं काही असेल तर फोनवर थांबू नका, बाबांना थेट घेऊन जा.

डॉक्टर रागावतील ही बाबांची भीती मला समजते. आजारी माणसाला आपण डॉक्टरांच्या मर्जीवर आहोत असं वाटत राहतं. त्यांना सांग की कॅन्सरच्या डॉक्टरांना हे नवीन नसतं. घरोघरी कुणी ना कुणी प्रेमाने काहीतरी पाठवतच असतं. रागावलेच तर पाच मिनिटं रागावतील. त्या पाच मिनिटांसाठी त्यांच्यापासून लपवून उपचार घेणं फार महाग पडू शकतं.

आता दादा ज्यांचं नाव घेतो त्या शास्त्रज्ञांबद्दल. माझ्या मते तुमच्या घरातल्या भांडणाचा उलगडा तिथेच आहे.

चुंग यांग हे न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचे. दादा त्यांना मानतो ते योग्यच आहे. चहा आणि कॅन्सर हा विषय गांभीर्याने, मापून-मोजून पाहणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. तंबाखूच्या धुरात असणारं एक कॅन्सरकारक रसायन उंदरांना देऊन त्यांच्या फुफ्फुसात गाठी आणल्या, आणि काहींना पाण्याऐवजी चहा पाजला, तर चहा पिणाऱ्यांत गाठी कमी झाल्या. हे काम 1992 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. त्याआधी जपानमध्ये हिरोता फुजिकी यांच्या गटाने 1987 मध्ये, ईजीसीजी उंदरांच्या कातडीवर लावलं की गाठी वाढवणाऱ्या रसायनाचा जोर ओसरतो, हे दाखवलं होतं. आणखी मागे जायचं तर 1929 मध्ये मिचियो त्सुजिमुरा या बाईंनी हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं, ईजीसीजी ज्या कुळातलं ते. तीन वर्षांनी त्या शेतीशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचं नाव दादाच्या लेखात होतं की नाही कोण जाणे, पण आज बाटलीवर जे 'कॅटेचिन' छापलेलं असतं त्याची सुरुवात या बाईंच्या टेबलावर झाली. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं केलेलं काम थोतांड नाही, आणि दादाशी बोलताना तूही त्याला थोतांड म्हणू नकोस.

पण यांग यांनी उंदरांवर थांबून भागवलं नाही. चहा पिणाऱ्या माणसाच्या रक्तात ही द्रव्यं पोचतात तरी किती, हे त्यांच्या गटाने मोजलं. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात 18 जणांना ग्रीन टीची पूड वेगवेगळ्या मापाने पाण्यातून दिली आणि ठरावीक वेळाने रक्त तपासलं. दीड ग्रॅमवरून 3 ग्रॅमवर गेल्यावर रक्तातलं प्रमाण वाढलं. 3 वरून साडेचारवर नेलं तर फारसं वाढलंच नाही. ईजीसीजीची सगळ्यात वरची पातळीसुद्धा एका मायक्रोमोलच्या आत राहिली, आणि पाच-साडेपाच तासांत निम्मी झाली. आतडं बरंचसं आत घेतच नाही, आणि जे आत येतं त्याचं रूप शरीर लगेच बदलायला लागतं. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारल्याचे जे आकडे लेखांत झळकतात, ते मात्र बहुतेकदा 10 ते 100 मायक्रोमोलवरचे असतात. डिशमधल्या पेशीला जेवढं मिळालं त्याचा दहावा, कधी शंभरावा हिस्साही माणसाच्या पेशीपर्यंत जात नाही. हे अंतर लक्षात घ्या असं यांग यांनी आपल्या लेखांमधून वारंवार मांडलंय. त्यांच्याच प्रयोगशाळेने उंदरांना ईजीसीजीचे खूप मोठे डोस देऊन पाहिले तेव्हा उंदरांचं यकृत बिघडलं, काही दगावले. तेही 2010 मध्ये त्यांनी छापलं, दडवलं नाही. दादाने या माणसाच्या कामातलं एक प्रकरण वाचलंय आणि पुढची राहून गेलीत.

ही चूक कशी होते ते मला चांगलं ठाऊक आहे. तरुणपणी काही वर्षं मी पेशींवरच काम करायचे. एकदा आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीसीजी घालून डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. संध्याकाळपर्यंत मीडियमला, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याला, तपकिरी झाक आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या, मेलेल्या. माझी मावशी तेव्हा त्याच आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. मी धावत जाऊन तिला फोन केला, म्हटलं, मावशी, काहीतरी सापडतंय. तिचा आवाज उजळला तो मला अजून ऐकू येतो. आठवड्याने आमच्या ज्येष्ठ बाईंनी वही चाळली आणि शांतपणे सांगितलं, हाच प्रयोग पुन्हा कर, पण निम्म्या डिशमध्ये कॅटालेज घाल. कॅटालेज हे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम. घातलं, आणि त्या डिशमधल्या बहुतेक पेशी जिवंत राहिल्या. पेशींना मारलं होतं ते पेरॉक्साइडने. ईजीसीजी डिशमधल्या मीडियममध्ये हवेशी संयोग पावून स्वतःच खराब होतं आणि ते खराब होताना पेरॉक्साइड तयार होतं. माणसाच्या रक्तात तशी परिस्थिती नसते. हा घोळ त्या काळी जगभरच्या प्रयोगशाळांच्या लक्षात येत होता, यांग यांच्याही. मला मात्र तो मावशीशी बोलून झाल्यावर कळला. तिला पुन्हा फोन करून सांगायला मला तीन दिवस लागले.

म्हणून दादाचा मला राग येत नाही. ज्याच्यावर जीव आहे तो आजारी पडला की माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि छापलेलं, शास्त्रज्ञाचं नाव असलेलं काही हाती लागलं की मग सोडत नाही.

माणसांवरचे निकाल थोडक्यात सांगते, कारण दादा विचारेल. जपानच्या मियागी प्रांतात 26,311 लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. जास्त ग्रीन टी पिणाऱ्यांत जठराचा कॅन्सर कमी आढळला नाही. हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. 2006 मध्ये इटलीतून मोठी आशादायक बातमी आली. प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या आधीचे बदल असलेल्या 60 पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज 600 मिलिग्रॅम कॅटेचिनं दिली. त्या 30 जणांत एकालाच कॅन्सर झाला, दुसऱ्या 30 जणांत 9 जणांना. सगळीकडे याची चर्चा झाली. मग अमेरिकेत 97 पुरुषांवर तशीच चाचणी झाली, 2015 मध्ये निकाल आला, आणि दोन गटांत कॅन्सरच्या प्रमाणात ठोस फरक सापडला नाही. पहिली बातमी ज्यांनी वाचली त्यांतल्या किती जणांपर्यंत दुसरी पोचली असेल? 2020 मध्ये कॉक्रेन या आढावे घेणाऱ्या संस्थेने 142 अभ्यास, 11 लाखांहून जास्त माणसं, एकत्र तपासली. ग्रीन टीने कॅन्सर टळतो याचा पुरावा उलटसुलट आणि कमकुवत आहे असाच निष्कर्ष निघाला. हा विषय संपला असं नाही, मोठ्या आतड्यातल्या गाठींबाबत वगैरे काम चालूच राहिलं आहे. पण यातला कुठलाही आकडा बाबांच्या कॅप्सूलच्या बाजूने उभा राहत नाही.

कॅटेचिनं औषध म्हणून उपयोगी पडलेली एक जागा मला माहीत आहे, आणि ती बोलकी आहे. 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ग्रीन टीच्या अर्काचं एक मलम मंजूर केलं, बाहेरच्या जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळींसाठी. मलम जिथे लावायचं तिथेच पोचतं. मध्ये आतडं नाही, यकृत नाही, रक्तात विरळ होणं नाही. द्रव्य चांगलं की वाईट यापेक्षा ते पोचतं कुठे आणि किती, हा प्रश्न दादाने विचारायला हवा होता.

आणि आणखी एक फरक त्याच्या नजरेतून सुटलाय. यांग यांचा विषय होता कॅन्सर होऊ नये म्हणून काय करता येईल हा. बाबांना कॅन्सर झालेला आहे आणि त्याच्यावर ठरवून, मोजून औषध चालू आहे. निरोगी माणसाने काय प्यावं आणि उपचार घेणाऱ्याने काय गिळावं, हे प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरं उलटीसुद्धा असू शकतात.

'झाडाचंच आहे' या वाक्यावर मात्र मला दादाला स्पष्टच सांगायचंय. गाजराला रंग देणारं बीटा कॅरोटिनही झाडाचंच. ते भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं निरीक्षण होतं, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली, काहींना वर्षानुवर्षं बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. त्या शास्त्रज्ञांनाही लोकांचं भलंच करायचं होतं. पानात, फळात असतं तेव्हा ते द्रव्य इतर शेकडो द्रव्यांसोबत थोडंसं येतं. अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरलं की ते औषध होतं, आणि औषधाला विचारायचे सगळे प्रश्न मग त्यालाही विचारावे लागतात.

काळ्या चहाबद्दल दादाचं म्हणणं चुकीचं आहे. काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचा. हिरव्यासाठी पान तोडल्यावर लगेच गरम करून त्यातली एन्झाइम्स बंद पाडतात, काळ्यासाठी पान चुरगळून ती चालू देतात. त्यात बरीचशी कॅटेचिनं एकमेकांना जोडली जाऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिगिन बनतात, काळ्या चहाचा तो तांबूस रंग त्यांचाच. द्रव्यं नाहीशी होत नाहीत, बदलतात. दादाला हेही सांग की यांग यांच्या त्या 1992 च्या प्रयोगात काळा चहा प्यायलेल्या उंदरांतही गाठी कमी झाल्या होत्या.

दादाशी बोलताना 'तू चुकलास'पासून सुरुवात करू नकोस. 'तुझ्यामुळे मी यांग यांचं काम पाहिलं, त्यातलं हे तू वाचलंस का' असं विचार. बोर्टेझोमिबची 2009 ची गोष्ट सांग. माझ्या मते तेवढीच पुरेल, कारण त्या संशोधकांनाही तेच हवं होतं जे त्याला हवंय. सहा आठवड्यांचा हिशेब मांडू नकोस. त्याला तो मनात मांडता येईल आणि तो त्याला फार जड जाईल, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळू दे, मग सांग. त्याला जे वाचायची हौस आहे ती बाबांच्या उपयोगाचीच आहे. बाबांच्या सगळ्या औषधांची यादी, तपासण्यांचे आकडे तारखेनिशी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, हे त्याच्याकडे दे. लांब राहून हे उत्तम करता येतं. आणि घरात एक नियम करा की बाबांच्या पोटात जाणारी कुठलीही नवी गोळी, पूड, अर्क, आधी डॉक्टरांच्या नजरेखालून जाईल. जीवनसत्त्व क च्या गोळ्यासुद्धा. या इंजेक्शनच्या बाबतीत त्यांच्याबद्दलही असाच प्रश्न उपस्थित झालेला आहे.

आईलाही बसवून सांग. कॅप्सूल रोज तिच्याच हातून दिली गेली असणार, तिच्या मनाला लागेल. तिने मुलाचं ऐकलं, यात तिचा दोष नाही.

राहिला बाबांचा चहा. कॅप्सूलच्या मानाने एका कपात ईजीसीजी कितीतरी कमी असतं, काळ्या चहात तर आणखीच. तरी उपचार चालू असताना मी तुला परस्पर हो म्हणणार नाही. बरेच डॉक्टर बोर्टेझोमिब घेणाऱ्यांना ग्रीन टी टाळायला सांगतात, साध्या चहाचं त्यांना विचार. फोनवर असंच विचार: 'इंजेक्शनच्या दिवशी आणि इतर दिवशी, साधा काळा चहा, किती कप चालेल?' बाबांचं हिमोग्लोबिन कमी असेल आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हेही विचार की गोळी आणि चहा यांत किती वेळ ठेवायचा, कारण चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

हो म्हणाले तर कप हातात देण्याआधी थोडा निवू दे. चहा आणि कॅन्सर यांतलं एक नातं बरंच पक्कं आहे, आणि ते पानांतल्या कुठल्या द्रव्याशी नसून तापमानाशी आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात 50,045 लोकांचा दहा वर्षं मागोवा घेतला. 60 अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला 700 मिलिलिटरहून जास्त पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका, याहून कमी आणि कमी गरम पिणाऱ्यांच्या तुलनेत, 90 टक्क्यांनी जास्त आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनेही 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेयं 'कॅन्सरकारक असण्याची शक्यता बरीच' या गटात टाकली. हे तुम्हा सगळ्यांसाठीच, दादासाठीही. ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं, बस.

सहा आठवडे बाबा आपल्या आवडीच्या कपाशिवाय राहिले, तेही कुणाचं मन मोडू नये म्हणून. डॉक्टर चहाबद्दल काय म्हणाले आणि यकृताची तपासणी कशी आली, ते मला नक्की कळव. मी वाट पाहते.

तुझी,
ताई